घर-जमीन सवाल-जवाब : एजंट व्हायचं तर खिशाला किती भार?

फ्लॅट कुठे घ्यावा, बिल्डरने ताबा लांबवला तर काय करावं, असे प्रश्न या सदरात नेहमी येतात. या वेळी मात्र टेबलाच्या पलीकडे बसू पाहणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, रावेतमध्ये राहतो. नव्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायचं काम सुरू करायचंय. मित्र म्हणतो, दहा हजारांत महारेरा नंबर मिळतो. एका सल्लागाराने ३५ हजार सांगितले. खरं कोणाचं?

उत्तर : महारेरा म्हणजे रेरा कायद्याखालचं, घर-प्लॉटच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आणि नंबर म्हणजे त्याच्याकडची एजंट नोंदणी. मित्राचा आकडा खरा आहे, पण तो फक्त नोंदणी फीचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीला एजंट म्हणून नोंदणीसाठी १०,००० रुपये भरावे लागतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते. मात्र जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला आणि नंबराच्या आधी एक पायरी आली. आता आधी २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र, आणि ते अपलोड केल्यावरच अर्ज पुढे सरकतो.

प्रशिक्षण महारेराने मान्यता दिलेल्या संस्थांकडूनच घ्यायचं. या कामाची जबाबदारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आहे. विकसकांच्या आणि एजंटांच्या संघटनाही वर्ग घेतात, बरेचसे ऑनलाइन. फी संस्थेगणिक वेगळी असते, काही हजारांत जाते. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा : या आकड्यात जीएसटी धरलाय का, आणि परीक्षेची फी यातच आहे का. परीक्षेची फी वेगळी असते, १,५०० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १,७७०.

याशिवाय दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना द्यावी लागते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ती नुसती ऑनलाइन माहिती असते, सरकारी खर्च नगण्य. सायबर कॅफेवाला त्याचेच हजार रुपये मागतो, तेव्हा स्वतः भरा. मग व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. इस्टेट एजंट व्यवसाय कर कायद्याच्या यादीत नावानिशी आहेत, त्यामुळे 'माझी कमाई अजून सुरू झाली नाही' ही सबब चालत नाही. सगळं धरून पहिल्या वर्षी साधारण वीस हजारांच्या आसपास बसतं. सल्लागाराच्या ३५ हजारांतून सरकारी फी किती, प्रशिक्षणाची किती आणि त्याची स्वतःची किती, हे व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. उत्तर टाळलं तर काय ते समजून जा.

अर्जासाठी हे हाताशी ठेवा : पॅन, आधार, फोटो, कामाच्या जागेचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सक्षमता प्रमाणपत्र. तुमच्यासारख्या नवख्याकडे विवरणपत्रं नसतात, तिथे ती भरणं लागू नव्हतं असं घोषणापत्र जोडायचं. लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीचा नमुनाही मागतात. पुष्कळ जण शिक्का 'नंबर आल्यावर बनवू' म्हणून थांबतात आणि अर्ज तिथेच अडतो. नंबराची जागा रिकामी ठेवून नमुना बनवून घ्या. घरातूनच काम करणार असाल आणि घर भाड्याचं असेल, तर नोंदवलेला भाडेकरार आणि मालकाची ना-हरकत दोन्ही लागतील असं धरून चला.

अर्ज परत येण्याचं सर्वांत मोठं कारण अगदीच साधं आहे : नाव. पॅनवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नाही, परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. प्रशिक्षणाला नाव नोंदवतानाच पॅनवर आहे तसंच्या तसं लिहा, कारण पुढे प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

आणखी एक गोष्ट. अर्ज कोणी दुसऱ्याने भरून दिला तरी पोर्टलवरचं खातं तुमच्याच मोबाइल नंबरावर आणि तुमच्याच ईमेलवर उघडायला लावा. सल्लागार सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि ते दुसऱ्यांदा पैसे मागतात. मधल्या काळात महारेराने शंका विचारणारा मेल पाठवला तर तोही त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको कोथरूड-वारजे भागात फक्त भाड्याची घरं आणि जुने फ्लॅट दाखवतो. आम्हालाही महारेरा लागतो का?

उत्तर : नुसतं एवढंच करत असाल तर नाही. रेरा कायद्याच्या कलम ९ मध्ये एजंटाची नोंदणी सक्तीची केली आहे ती नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकत असलेल्या घर-प्लॉटसाठी. दहा वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातोय, किंवा अकरा महिन्यांचा करार होतोय, तिथे ते कलम लागू होत नाही. पण धंदा इथे तसा आखीव चालत नाही. रिसेल बघायला आलेला ग्राहक बजेट पाहून म्हणतो, 'याच पैशात बावधनला नवीन काही आहे का?' आणि तुम्ही त्याला साइटवर घेऊन जाता. त्या क्षणी तुम्ही कलम ९ च्या आत आलात.

आत येऊन नंबर नसेल तर कलम ६२ प्रमाणे दंड रोज १०,००० रुपये, आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ७० लाखांच्या फ्लॅटवर ही मर्यादा साडेतीन लाख होते, म्हणजे ३५ दिवसांत गाठली जाते. वर्षातून एखादाच नवा फ्लॅट विकत असाल तरीही दोघांपैकी एकाने नंबर काढून ठेवावा आणि साइटवर त्यानेच जावं.

दुकानाची सूचना आणि व्यवसाय कर तुम्हालाही आहेतच. भाडेकराराच्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्राहक तुम्हालाच विचारतात म्हणून हिशेब देऊन ठेवतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं २२,०००, मुदत ११ महिने, परत मिळणारं डिपॉझिट ६०,००० धरू. भाड्याचे २,४२,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ५,५००. एकूण २,४७,५००, त्याचे पाव टक्के म्हणजे साधारण ६१९ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यापलीकडे जे सांगाल ते करार करून देणाऱ्याची आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी आहे, ती वेगळी दाखवा.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ वाघोलीत ऑफिस टाकतोय. सीए म्हणतात भागीदारी करा. महारेराच्या पानावर बघितलं तर फी एकदम लाखावर गेली. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे. व्यक्ती सोडून बाकी सगळ्यांना (भागीदारी, एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, कंपनी) नोंदणी फी १,००,००० रुपये आहे. शिवाय फर्मच्या वतीने ग्राहकाशी बोलणाऱ्या प्रत्येकाला सक्षमता प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे दोघांचंही प्रशिक्षण आणि परीक्षा चुकत नाही.

सुरुवातीला दोघांनी वेगवेगळी वैयक्तिक नोंदणी करणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. २०,००० विरुद्ध एक लाख. ऑफिस एकच असलं तरी चालतं, दोघांची प्रमाणपत्रं भिंतीवर लावा. ज्याच्या नावावर ग्राहक टॅग झाला, म्हणजे हा ग्राहक त्याने आणला अशी बिल्डरकडे नोंद झाली, त्याने बिल करायचं आणि ठरलेला वाटा दुसऱ्याला बँकेतून द्यायचा. देणाऱ्याची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर या वाट्यावर टीडीएस कापण्याचीही गरज पडत नाही. जीएसटी नोंदणीसाठीची २० लाख उलाढालीची मर्यादाही प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

तोटा असा, की नंबर व्यक्तीचा असतो, धंद्याचा नाही. उद्या एलएलपी केलीत तर तिला नव्याने लाख रुपये भरून नोंदणी करावी लागते आणि बिल्डरांकडचं एम्पॅनलमेंटही (त्यांच्या एजंटांच्या यादीतली नोंद) पुन्हा करावं लागतं. चार-पाच पोरं कामावर ठेवून एखाद्या प्रोजेक्टचं विक्रीचं पूर्ण काम उचलायचा बेत पक्का असेल तर लाख रुपये पाच वर्षांत वाटले जातात, वर्षाला वीस हजार. मग सीएंचं ऐका.

इथेच एक सापळा आहे. एकट्याचं दुकान असतं, पाटीवर 'अमुक प्रॉपर्टीज' असतं, आणि अर्ज भरताना वाटतं की ही फर्म झाली. अर्जदाराच्या प्रकारात 'व्यक्तीखेरीज इतर' निवडलं जातं आणि पोर्टल मुकाट्याने लाख रुपये मागतं. प्रोप्रायटरशिप म्हणजे व्यक्तीच. पॅन तुमचं स्वतःचं असेल तर प्रकार 'व्यक्ती' निवडायचा, दुकानाचं नाव काहीही असो. पैसे भरण्याच्या पानावर आकडा बघूनच पुढे जा, भरलेली फी परत मिळवणं जिकिरीचं काम आहे.

प्रश्न : वय ५२. पिंपरीत वीस वर्षं हेच काम करतोय. आता परीक्षा म्हणे. कॉम्प्युटरवर जमेल का?

उत्तर : जमेल. पर्याय निवडायचे ५० प्रश्न, १०० गुण, ४० ला पास. मराठीतून देता येते. माउसने गोल भरण्यापलीकडे कॉम्प्युटर यावा लागत नाही. नापास झालात तर परीक्षेची फी पुन्हा भरायची, नुकसान तेवढंच.

अनुभवी माणसं पडतात ती अनुभवामुळेच, कारण ती बाजारातलं उत्तर लिहितात. करार नोंदवण्याआधी बिल्डर किती रक्कम घेऊ शकतो? बाजारात काहीही चालत असलं तरी उत्तर किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले किती स्वतंत्र खात्यात ठेवायचे? ७० टक्के. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी किती वर्षं? ताब्यापासून पाच. कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रात, आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. 'सेलेबल' (बिल्डर विकताना सांगतो ते फुगवलेलं क्षेत्र) हा शब्द उत्तरपत्रिकेपुरता विसरून जा.

प्रश्न : हडपसरहून लिहितो. पहिलाच फ्लॅट विकला, किंमत ७० लाख, ब्रोकरेज २ टक्के ठरलं. आता बिल्डरचं अकाउंट्स खातं म्हणतं जीएसटी नंबर आणा, नाहीतर पेआउट नाही. माझी कमाई वीस लाख कुठे आहे?

उत्तर : कायद्याने तुम्हाला नंबर काढायची सक्ती नाही. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच नोंदणी लागते. मग बिल्डर का अडतो? एप्रिल २०१९ पासून घरांवरचा जीएसटी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का झाला. त्या सवलतीच्या दराला एक अट आहे : बिल्डरने आपली किमान ८० टक्के खरेदी, मालाची आणि सेवांची, जीएसटी नोंदणी असलेल्यांकडूनच करायची. त्यात कमी पडला तर फरकावर १८ टक्के त्याने स्वतः भरायचे. तुमच्यासारख्या बिगरनोंदणी एजंटांची बिलं त्या ८० टक्क्यांत धरली जात नाहीत. म्हणून हा हट्ट.

पण त्याच दराची दुसरी अट अशी, की बिल्डरला तुमच्या बिलातल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. म्हणजे तुम्ही १८ टक्के लावलेत तर तो त्याचा निव्वळ खर्च. त्यामुळे हेच खातं नंबर मागतं आणि नंतर हळूच म्हणतं, 'दोन टक्के सगळं धरून होतं.' फरक बघा.

जीएसटी वेगळा असेल तर ब्रोकरेज १,४०,०००, त्यावर जीएसटी २५,२००. टीडीएस २ टक्के, तोही जीएसटी सोडून मूळ रकमेवर, म्हणजे २,८००. खात्यात येतात १,६२,४००, त्यातले २५,२०० सरकारला, तुमच्याकडे राहतात १,३७,२००. सगळं धरून १,४०,००० असेल तर मूळ रक्कम उरते १,१८,६४४ आणि जीएसटी २१,३५६. एका वाक्यात एकवीस हजार गेले. टीडीएस दोन्हीकडे विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, तो खर्च नाही. बिलावर पॅन मात्र नीट लिहा, नाहीतर २० टक्के कापतात.

तुमच्या या व्यवहारापुरतं आमचं मत : ठरलं तेव्हा जीएसटीचा उल्लेख नसेल तर नंबर काढायला तयार व्हा, पण आधी 'दोन टक्के अधिक जीएसटी' असा मेल मिळवा. नंबर काढल्यावर विवरणपत्रं भरतच राहावी लागतात, महिन्यात एक रुपयाचं काम झालं नाही तरी. कोऱ्या विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये आणि व्यवहार असलेल्याला ५० रुपये विलंब शुल्क लागतं. सीएची वर्षाची फी वेगळी. वर्षाला दोनच फ्लॅट विकणाऱ्याला हे परवडतं का, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

बिलाची तारीखही सांभाळा. जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे आल्यावर नाही. बिल्डर म्हणाला 'बिल टाकून ठेवा', तुम्ही टाकलंत, आणि पेआउट चार महिन्यांनी आलं, तर मधले २५,२०० तुमच्या खिशातून गेलेले असतात. आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, द्या. ब्रोकरेज देय झाल्याचा मेल आला की मग टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल.

आणखी एक. 'उलाढालीच्या अमुक टक्के नफा धरून कर भरा' ही छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला लागू नाही. कापडाच्या दुकानदाराचं बघून तसं विवरणपत्र भरू नका. पेट्रोल, फोन, घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलचं पॅकेज, सगळ्याची बिलं ठेवा, खर्च म्हणून तीच दाखवायची आहेत.

प्रश्न : माझी नोंदणी २०१८ ची आहे. परीक्षा दिली नाही. धायरीत काम चालूच आहे. आता काय?

उत्तर : काम थांबवा, निदान नव्या प्रोजेक्टचं. २०१८ च्या नोंदणीची पाच वर्षं २०२३ मध्येच संपली. प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली, आणि नूतनीकरण न केलेल्यांची त्याआधीच रद्द झाली होती. पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकून स्थिती बघा. बहुतेक तुम्हाला प्रशिक्षणापासून सुरुवात करून नव्याने फी भरावी लागेल. जुना नंबर छापलेली कार्डं आणि लेटरहेड वाटू नका. बाद झालेला नंबर दाखवणं नंबर नसण्यापेक्षा वाईट दिसतं.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर साइटचे रील टाकले तर त्यालाही नियम आहेत का? (मोशी)

उत्तर : आहेत. रील, व्हॉट्सअॅप स्टेटस, चौकातला फलक, सगळं जाहिरातच. प्रोजेक्टचा महारेरा नंबर, महारेराचं संकेतस्थळ आणि क्यूआर कोड दिसायला हवा. क्यूआरची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून आहे आणि दंड ५० हजारांपर्यंत जातो. बिल्डरकडून आलेलं क्रिएटिव्ह (जाहिरातीचं तयार चित्र) कापून स्वतःचा मोबाइल नंबर टाकताना क्यूआरचा कोपराच नेमका कापला जातो, बहुतेक गफलत तिथे होते. 'प्री-लाँच' म्हणून नंबर न मिळालेल्या प्रोजेक्टची जाहिरात तर अजिबात करू नका, बिल्डर कितीही मोठा असो.

प्रश्न : सगळे परवाने काढले तर धंद्यात उतरायला जवळ किती पैसे असावेत? सिंहगड रोडवर राहते, आत्ताची नोकरी सोडायचा विचार आहे.

उत्तर : ताई, वीस हजारांच्या कागदपत्रांनी कोणी अडत नाही. अडतं ते पहिलं पेआउट येईपर्यंतच्या महिन्यांत. ग्राहक साइट बघतो, घरच्यांना आणतो, टोकन देतो, कर्ज मंजूर होतं, करार नोंदवला जातो, बिल्डरकडे ठरलेली टक्केवारी जमा होते, आणि मग ब्रोकरेज देय होतं. त्यानंतर अकाउंट्सची रांग. पहिला ग्राहक मिळाल्यापासून चार ते सहा महिने धरा. मधे एखादं बुकिंग रद्द झालं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. घरखर्चाचे निदान आठ महिन्यांचे पैसे बाजूला नसतील तर नोकरी टिकवून शनिवार-रविवार सुरुवात करा, साइटवर गर्दीही तेव्हाच असते.

या महिन्यांतला मोठा खर्च लीडचा, म्हणजे घर शोधणाऱ्यांची नावं-नंबर मिळवण्याचा, असतो. जाहिरातींच्या पोर्टलचं वर्षाचं पॅकेज एकदम घेऊ नका, तीन महिन्यांचं मिळतंय का बघा. पॅकेज विकणारा 'महिन्याला इतक्या लीड' म्हणतो, पण तीच लीड आणखी चार एजंटांना गेलेली असते. पेट्रोलही मोजा. नऱ्ह्यातून खराडीची साइट दाखवायची म्हणजे अर्धा दिवस गेला, त्यापेक्षा धायरी-आंबेगाव-नऱ्हे एवढाच पट्टा धरलात तर एका दिवशी तीन साइट होतात.

आणि टॅगिंग. साइटवर जाण्याआधी ग्राहकाचं नाव आणि नंबर सोर्सिंग मॅनेजरला (बिल्डरकडचा, एजंटांशी व्यवहार बघणारा माणूस) पाठवून 'टॅग झालं' असं लेखी उत्तर घ्या, नुसता फोन पुरेसा नाही. ग्राहकाने आधी कधी बिल्डरच्या संकेतस्थळावर नंबर टाकलेला असेल तर ते 'डायरेक्ट' ठरवतात आणि तुमचं ब्रोकरेज बुडतं. म्हणून ग्राहकालाच आधी विचारा, कुठे फॉर्म भरलाय का. टॅग किती दिवस चालतो, तीस की साठ, हेही विचारा आणि मुदत संपायच्या आत पुन्हा टॅग करा. एम्पॅनलमेंटच्या कागदावर चार गोष्टी आहेत का बघा : टक्केवारी आणि ती कशावर (करारमूल्यावर की पार्किंग-बिर्किंग वगळून), जीएसटी वेगळा की आत, किती टक्के रक्कम जमा झाल्यावर देय, आणि देय झाल्यापासून किती दिवसांत. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रोजेक्टच्या पानावर एजंटांची यादी असते, तिथे तुमचं नाव चढवायला सांगा. टोकनचा चेक मात्र कधीही स्वतःच्या नावाने घेऊ नका, दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. तो थेट प्रोजेक्टच्या खात्यावर जाऊ द्या आणि पावतीचा फोटो ग्राहकाच्या फाइलला लावा.